हाराची जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकीचं. यांची साखर कशी काय? सकाळी सुई टोचून बघितली, आटोक्यात आहे. बिनसाखरेच्या चहावरून माझ्याशी भांडण मात्र रोजचंच. माझे गुडघे? जिना चढताना कुरकुरतात, उतरताना ओरडतात. मंगलचा खोकला? पुण्याहून फोन आला तेव्हा ऐकू आला नाही, पण लेक माझीच, दाबून धरला असेल. रशीदभाईंची पाठ? विचारायची राहिली. अप्पासाहेबांचा दम?

तो आज डोळ्यांनी बघून आले. बोलता बोलता थांबतात, हात वर करतात, म्हणजे आपण गप बसायचं. मग जिथं तुटलं तिथूनच पुढं.

आज पहिली बैठक झाली. क्रांती चौकामागचा बंगला, पुढचा व्हरांडा, सकाळचं ऊन. (इथून पुढं अ.सा. लिहीन, एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार.) १४ डिसेंबरला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी हॉलमध्ये त्यांचं चित्र लावायचं. ते मी काढायचं, फोटोवरून नाही, समोर बसवून. त्यांच्या मालकीण गेल्या तेव्हा त्यांचं चित्र माझ्याच हातचं. परवा निरोप पाठवला, "तिचं काढणाऱ्या बाईंनाच बोलवा. तिचं बरं उतरलंय, शिवाय ते भांडत नाही."

हो तर म्हणून बसले. शहागंजातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात बसून उभा जन्म गेलेल्या माणसांची चित्रं काढली. लोक मतदानाच्या कार्डावरचा, लग्नाच्या घोळक्यातला, कसला पण फोटो आणायचे. मी चौकडी आखून मोठं तोंड काढायचं, यांनी फ्रेम ठोकायची. कुणी शिकवलं नाही, हात चालत गेला. जिवंत माणूस हा पहिलाच. आणि जिवंत माणूस हलतो! नाक काढेस्तोवर नाक दुसरीकडं गेलेलं.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "जमलं का?"
"कान जमला."
"कान कोण बघतंय?"

बुधवार, ५ नोव्हें.

कागद मिळाला. रशीदभाई दुकानात आले. ते कागजीपुऱ्याचे, घराण्यात हातकागदाचं काम पिढ्यांपासूनचं. पाठीचं विचारलं तर म्हणाले, "पीठ का क्या है आपा, झुकी तो झुकी. सलाम करने को आसान हो गया."

त्यांनी आणलेला कागद दगडानं घोटलेला, हात फिरवला तर बाळाच्या गालासारखा. म्हणाले, बादशाह इथं राहत होता तेव्हा सरदारांची तोंडं असल्याच कागदावर उतरायची. सगळं रंगवायचं नाही. बारीक रेघ, वर पाण्यासारखी छटा, ओठाला नाहीतर पगडीला तेवढा रंगाचा टिपका. त्याला नीम कलम म्हणायचे, अर्धी कलम.

"मगर आपा, इस कागज पे रबर नक्को मारो. एक बार रगडे तो रोएं खडे हो जाते."

म्हणजे चुकायचं नाही. झोप उडाली.

शनिवार, ८ नोव्हें.

दुसरी बैठक. पांढरा शर्ट, काळं जाकीट घालून अ.सा. तयार. "आज हलणार नाही," म्हणाले आणि लगेच माशी हाकलली.

त्यांच्या भिंतीवर एक छापील चित्र आहे, इथल्याच जुन्या सरदाराचं. एका बाजूनं तोंड, एकच डोळा, हातातलं फूल नाकाजवळ धरलेलं. "हे असं पाहिजे. एकचश्म म्हणतात याला. सरदार बघणाऱ्याकडं बघत नसतो बाई, बघणाऱ्यानं सरदाराकडं बघायचं."

मी म्हणलं, माझी सगळी माणसं समोर बघतात.

"तुमची माणसं गेलेली. त्यांना कुणाची भीडभाड राहिली नाही."

मग त्यांना मंगलनं फोनवर पाठवलेली चित्रं दाखवली. त्याच काळातली, पण विलायतेतली. काळा, तांबडा, पांढरा, तीन खडूंचं काम. माणूस असा अर्धा वळलेला, जसं कुणी हाक मारली. तिकडच्या राजांनी, सरदारांनी म्हणे चित्रकार पदरी ठेवलेले, आणि सरदाराला वेळ नसायचा, म्हणून तेवढं तोंड समोर बसवून काढायचं. कपडे न् हात मागनं कुणाही माणसाला उभं करून भरून घ्यायचे. अ.सा. चष्मा वर करून बघत राहिले. त्या लोकांच्या डोक्यावर मोठे मोठे कुरळ्या केसांचे टोप.

"हे डोक्यावर मेंढरू घेऊन बसलेत का काय?"

मला हसू आवरेना. आम्ही माहेरचे मेंढरंवाले. म्हणलं, आमच्या मेंढराची लोकर याच्याहून चांगली होती.

"माहीत आहे की. तुझ्या बापाची मेंढरं बसायची आमच्या रानात, खुलताबादच्या अलीकडं. दिवाळी झाली की यायची. लेंड्यांनी रान काळंभोर व्हायचं." मग सावरून, "तुमच्या वडलांची." मला तुझ्या बापाचीच बरं वाटलं होतं.

निघताना आत नेऊन त्यांनी वडलांचा फोटो दाखवला. खुर्चीत बसलेले, फेटा, हात मांडीवर. मला आधी काही कळलं नाही. मग मानेकडं लक्ष गेलं. माणूस गेल्यावर काढलेला फोटो. पूर्वी तसं करायचे, अंघोळ घालून, फेटा बांधून, खुर्चीला टेकवून. जिवंतपणी काढायचा राहिला म्हणून.

"डोळे मिटलेलेच होते. हे उघडे डोळे स्टुडिओवाल्यानं वरून काढलेत. मी त्या वेळी लहान. मोठा झाल्यावर कळलं, की मी ज्या डोळ्यांना भीत होतो ते स्टुडिओवाल्याचे." हात वर केला. मी गप. "माझा डोळा माझ्यासमोर काढायचा. मी बघत असताना. तेवढी एकच अट."

मी म्हणलं, डोळा मी नेहमीच शेवटी काढते. तुम्ही समोर बसल्याशिवाय नाही काढणार.

शब्द देऊन आले.

मंगळवार, ११ नोव्हें.

हात! बाई गं, हातच येत नाहीत मला. मेलेल्या माणसांच्या चित्रात छातीपर्यंतच माणूस असतो, हात कोण मागतो. आणि अ.सा.ना हातात फूल पाहिजे. मी विचारलं होतं, कोणतं फूल देऊ, तर म्हणाले, "फूल कशाला, दम्याचा पंप द्या."

विलायतेतल्या लोकांची युक्ती केली. यांना जाकीट चढवून गल्ल्याच्या बाजूला उभं केलं, हातात कोथिंबिरीची काडी.

"म्हणजे हात माझे न् मान त्यांचा."
"हलू नका."
"लग्नात तरी कधी असं टक लावून बघितलं होतंस का?"
"तेव्हा हात बरे होते."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, लॅमिनेशनवालं. त्यानं यांना बघितलं, मला बघितलं, नंतर येतो म्हणाला. जुन्या वहीवर कोथिंबिरीचे चार हात काढले. तीन फेकले. चौथा माणसाचा वाटतो.

शुक्रवार, १४ नोव्हें.

लिहू का नको.

तिसरी बैठक. चांगलं चाललं होतं. घोटलेल्या कागदावर कपाळ, नाक, मिशी उतरली, हनुवटीखालची लोंबती कातडी पण उतरली. ती मी हळूच कमी करणार होते, तर अ.सा. बघून म्हणाले, "असू द्या. ऐंशी वर्षं लागलीत तिला यायला." डोळ्याची जागा कोरी. अ.सा. खुशीत.

त्यांची सून वैशालीताई चहा घेऊन आली. चांगली पोर, शाळेत शिकवते, माझ्याशी नेहमी गोड. माझ्यामागं उभं राहून बघत होती. म्हणाली, "मावशी, किती हुबेहूब! पण इथं छातीवर काहीच नाही हो काढलं. बटणं नाहीत, खिसा नाही. इथं काय येणार?"

माझं सगळं ध्यान कानाच्या पाळीत. तोंडातनं गेलं, "हार."

बोलले आणि मग ऐकलं मी ते.

खोटं नव्हतं. माझा हात खांद्यापासून खाली आपोआप फिका होत जातो. तिथं हार येतो, मग काढून उपयोग काय, असं इतक्या वर्षांचं वळण. खाली बघितलं तर चार बोटं कागद पण सोडलेला. नाव, जन्म आणि दुसरी तारीख, त्याची जागा. मी ठरवून सोडली नव्हती. हातानं सोडली.

वैशालीताईचा चेहरा उतरला. मग अ.सा. म्हणाले, "झेंडूचा नको म्हणावं. शिंका येतात मला." आणि हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचा दम लागला, तिनं पळत जाऊन पंप आणला. मी पेन्सिल धरून नुसती उभी.

माझा चहा तसाच राहिला. ती कप घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

शनिवार, १५ नोव्हें.

यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले.
"तोंडावर म्हणालीस?"
"तोंडावर नाही. कागदाकडं बघून."
"ते पण तिथंच बसलेले ना?"
"हो."
"मग काय कागदाला म्हणालीस व्हय?"

थोड्या वेळानं म्हणाले, "म्हातारा हसला ना, मग झालं. तू लई मनाला लावून घेऊ नको." पण त्यांनी पण भाकरी अर्धी सोडली.

रविवार, १६ नोव्हें.

मंगलशी बोलले. तिनं समजूत काढली. "आई, शब्दानं कुणाला काही होत नसतं." मला पण माहीत आहे. तरी सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला, वैशालीताईला लावायला. काय म्हणू? माफ कर म्हणलं तर पुन्हा तो शब्द निघणार.

सोमवार, १७ नोव्हें.

अ.सा. दवाखान्यात. काल सकाळीच नेलं, मी फोन हातात घेऊन बसले होते तेव्हा. वैशालीताईनं दोन ओळींचा मेसेज टाकला. अतिदक्षता विभाग. छातीत कफ भरलाय, तोंडाला ऑक्सिजनचा मुखवटा. पुढची बैठक आता नको. खाली नेहमीसारखं "मावशी" नव्हतं.

थंडी अचानक पडली, डॉक्टर म्हणे त्यामुळं. रशीदभाई म्हणाले त्यांच्याकडं पण दोघं आजारी. सगळ्या शहराला खोकला आहे. मी हे स्वतःला दहादा सांगितलं.

गुरुवार, २० नोव्हें.

राहवलं नाही, दवाखान्यात गेले. लिफ्टपाशीच प्रतापराव भेटले, अ.सा.चा मुलगा. दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशात बापाच्या चष्म्याची डबी.

"मावशी, आत सोडत नाहीत कुणाला."
"नुसतं दारातनं बघते."
"नको." मग आवाज खाली आणून, "घरात बायका काहीबाही बोलतायत. माझा विश्वास नाही असल्यावर. पण आज नको."

मी बरं म्हणलं. आणलेल्या पिशवीत मऊ खिचडी होती. ती पण नको म्हणाले, पण पिशवीकडं बघून जरा थांबले. "अप्पांना नळी आहे हो नाकात." एवढा मोठा माणूस, खिशातली डबी चाचपत राहिला.

रिक्षात बसले आणि खिचडीचा डबा मांडीवर गरम लागत राहिला.

शनिवार, २२ नोव्हें.

चित्र बाहेर काढून टेबलावर ठेवलं. आज छातीवर काम केलं. जाकिटाची पाचही बटणं, काजं, खिसा, खिशातल्या रुमालाचं टोक. इतकी बारीक बटणं जन्मात काढली नव्हती. हारासाठी बोटभर जागा ठेवली नाही. खालच्या चार बोटांत गालिच्याची नक्षी भरली, जुन्या सरदारांच्या पायाखाली असते तशी.

हात यांचाच घातला. फुलाची जागा मोकळी, ते विचारल्याशिवाय कसं काढू.

रशीदभाई बघून गेले. कागद उजेडाला धरला. मग, "आपा, बटन बहोत डरे हुए हैं."

खरं आहे. घाबरून काढलेलं दिसतं. रेघ दाबून आलीय. आणि खोडता तर येत नाही.

बुधवार, २६ नोव्हें. चंपाषष्ठी

सकाळी शहराजवळच्या सातारा गावातल्या खंडोबाला जाऊन आलो. माहेरचा कुळदेव, दरवर्षी जातोच. भंडारा उधळला, पण या वर्षी मागताना अडखळले. देवा, त्यांना बरं कर म्हणू का माझी चूक पोटात घाल म्हणू? दोन्ही म्हणलं. पहिलं आधी म्हणलं.

घरी भरीत-रोडगे. ताट वाढायच्या वेळेला दारात वैशालीताई! उन्हानं लाल झालेली. मी गडबडले, पाट कुठं, पाणी कुठं. ती म्हणाली, "मावशी, बसू द्या मला आधी."

अ.सा. दिवसा थोडा वेळ मुखवट्याशिवाय राहतात. रात्री श्वासाची मशीन आहेच. बोलायला डॉक्टरांनी मनाई केलीय, म्हणून पाटी-पेन्सिलीसारखं एक कागदाचं पॅड दिलंय. त्यावर लिहितात. पहिल्या दिवशी लिहिलं, "पाणी." दुसऱ्या दिवशी, "प्रतापला घरी पाठवा, झोपला नाही." काल लिहिलं, "चित्र?"

"मी त्यांना चाललंय म्हणून सांगितलं. चाललंय ना?"

मी चित्र दाखवलं. बटणं बघितली तिनं, एकेक. खाली गालिचा बघितला. तिला कळलं, कारण डोळे पुसले. म्हणाली, "मी त्या दिवशी कप उचलून गेले, चुकलंच माझं." मी म्हणलं, "तू कशाला, जीभ माझी." यांनी आतून विचारलं, "भरीत गार होतंय, पाहुण्या जेवणार आहेत का मी त्यांचं खाऊ?" तेव्हा कुठं हसली. दोन रोडगे खाल्ले.

जाताना डोळ्याच्या कोऱ्या जागेवर हात न लावता बोट फिरवलं. "हा कधी?"
"ते समोर बसले की."

शुक्रवार, २८ नोव्हें.

आज दुकानात प्रतापराव. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. यांनी चहा मागवला.

"मावशी, आमचा तुमच्यावर राग नाही. असता तर मी आलोच नसतो." फोन पुढं केला. "हा मागच्या दिवाळीतला फोटो. नेमका एका बाजूचा आलाय, तुम्हाला तसाच लागतो ना? यावरून डोळा भरून टाका. पुढच्या गुरुवारी गाडी पाठवतो."

मी म्हणलं, कार्यक्रम तर १४ ला आहे. त्याआधी ते घरी आले तर समोर बसवून...

"आले तर उत्तमच. कार्यक्रम झाला तर चित्र कार्यक्रमाला लागेल." मग चहाच्या ग्लासाकडं बघत, "नाहीतर... दोन्हीकडं कामाला येईल. आजोबांच्या वेळी काय धावपळ झाली ते अप्पांनी तुम्हाला दाखवलंय. खुर्चीला बांधून फोटो. मला अप्पांचं तसं होऊ द्यायचं नाही."

बापानं मला जो फोटो दाखवून अट घातली, तोच फोटो मुलाच्या डोळ्यांपुढं, आणि तो नेमकं उलटं मागतोय. आणि मायेनं मागतोय. रागावता पण येईना.

"मी त्यांना शब्द दिलाय," मी म्हणलं.
"त्यांना बरं वाटत होतं तेव्हाचा शब्द आहे तो, मावशी."

गेले. फोटो माझ्या फोनवर आलाय. चांगला फोटो आहे, हीच तर पंचाईत.

शनिवार, २९ नोव्हें.

हे म्हणतात, "भरून टाक. घरच्यांनी सांगितलंय, तू कोण नाय म्हणणारी? आन् उद्या काही झालं तर? आंधळं चित्र ठेवणार का भिंतीला?"

मंगलला विचारलं. ती म्हणाली, "आई, ज्यानं चित्र काढायला सांगितलं त्याचं ऐकायचं." पाच मिनिटांनी परत फोन. "पण समजा ते घरी आलेच नाहीत, तर तू आयुष्यभर स्वतःला खात बसशील. मग काढलेलं बरं." आणखी पाच मिनिटांनी, "मला नाही माहीत गं आई."

रविवार, ३० नोव्हें.

दुपारी फोटोवर चौकडी आखली. नुसती बघायला, असं स्वतःला म्हणलं. साध्या कागदावर डोळा काढून बघितला. पापणी, बुबुळ, कोपऱ्यातली ओल, उजेडाचा ठिपका. एका बैठकीत झाला. हात कुठं अडला नाही, कुठं थांबला नाही. बैठकीत समोर बसायचे तेव्हा कान काढायला घाम फुटायचा, आणि फोटोवरून डोळा कसा लोण्यासारखा.

काढून झाल्यावर लांब धरून बघितला. सुंदर डोळा. त्यांच्या वडलांच्या फोटोतला असाच असेल, वरून काढलेला.

घोटलेल्या कागदाला हात लावला नाही. पण तो साधा कागद फाडला पण नाही. पुस्तकात ठेवलाय. का ठेवला? कळत नाही मला.

मंगळवार, २ डिसेंबर

वैशालीताईचा फोन. काल पुन्हा ऑक्सिजन खाली गेला, मुखवटा दिवसा पण लावलाय. शुद्धीत आहेत. बघतात, मान हलवतात, लिहितात. अक्षर वेडंवाकडं, पण कळतं. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत.

मी विचारलं, चित्राचं त्यांना कुणी सांगितलं का? फोटोवरून भरायचं चाललंय ते?

"यांनी सांगू दिलं नाही. म्हणे त्रास होईल."

म्हणजे ज्याचा डोळा त्याला सोडून सगळ्यांना माहीत. मी, हे, मंगल, प्रतापराव, रशीदभाईंना पण मीच सांगितलं. सगळे वेगवेगळं बोलतात आणि सगळ्यांचं मला पटतं. परवा गुरुवार. गाडी येणार.

हे म्हणाले, "मग विचार ना त्यालाच. वाचता येतंय का म्हाताऱ्याला?"
"येतं."
"मग?"

इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. किंवा भीती वाटत होती, काय उत्तर येईल याची. हो म्हणाले तर भीती, नाही म्हणाले तर त्याहून. आणि ही चिठ्ठी बघून त्यांना कळलंच की घरचे कसली तयारी करतायत, तर? पण ते खुर्चीतल्या फोटोसमोर मोठे झालेले आहेत. त्यांना मी काय नवं सांगणार.

वैशालीताईला परत फोन लावला. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "यांना मी बघते. तुम्ही लिहा. संध्याकाळी दवाखान्यात डबा घेऊन जाताना तुमच्याकडं येते, तेव्हा द्या." चिठ्ठी लिहिली. तीन फाडल्या. ही चौथी, इथं उतरवून ठेवते आणि पाठवते:

"अप्पासाहेबांना सरूबाईचा नमस्कार. तब्येत कशी आहे ते वैशालीताई सांगते, पण तुमच्याकडून कळावं म्हणून विचारते. रात्री झोप लागते का? मुखवटा टोचतो का? इकडं आम्ही दोघं बरे आहोत.

चित्र झालंय. जाकीट, बटणं, हात, सगळं. हात आमच्या घरच्या मालकांचे आहेत, तेवढं सांभाळून घ्या. फूल राहिलंय आणि डोळा राहिलाय.

डोळ्याचं असं आहे. घरच्यांनी मला तुमचा दिवाळीतला फोटो दिलाय, त्यावरून भरा म्हणाले. त्यात त्यांचं काही वाईट मनात नाही, प्रतापरावांची तुमच्यावर लई माया आहे, रागावू नका. त्यांना चित्र अपुरं राहायला नको आहे. मला पण नको आहे. फोटोवरून मला येतो, चांगला येतो, तुम्ही तो ओळखाल. पण मी तुम्हाला शब्द दिलाय आणि तो तुमचा आहे, माझा नाही, म्हणून तो मोडायचा का पाळायचा हे मी ठरवणार नाही.

तुम्ही भर म्हणालात तर उद्या भरते, मनात काही ठेवत नाही. थांब म्हणालात तर थांबते. गुरुवारी गाडी आली तर दारातनं परत पाठवते, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत, आणि पुढं जे होईल ते होईल. मला चालता येतंय. डॉक्टरांनी सोडलं तर कागद घेऊन तिथं येते, तुमच्या खाटेपाशी बसते, मुखवटा राहू द्या, डोळे तर उघडे असतात ना.

त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल काही लिहीत नाही. तुम्ही हसला होता, तेच धरून आहे.

मोठं लिहायचे कष्ट घेऊ नका. 'भर' नाहीतर 'थांब', एकच शब्द चालेल, वेडावाकडा असला तरी मी वाचीन. वैशालीताई उद्या सकाळी घरी येताना घेऊन येईल. मी दुकानात जात नाही, घरीच थांबते. तेवढं लवकर लिहून पाठवा."